नागीण आणि दोन नंबरची खुर्ची

५ मार्च

आणि वर दादा म्हणतो, तेल लाव. इथे डाव्या बाजूने डोकं पेटल्यासारखं झालंय, कंगवा नुसता जवळून गेला तरी डोळ्यातून पाणी येतं, आणि घरचा सल्ला काय, तर तेल. दादाच्या लेखी जगात असं दुखणं नाही जे तेलाने बरं होत नाही. मी सातवीत गटांगळ्या खात होतो तेव्हाही हेच म्हणाला होता, डोक्याला तेल लाव, म्हणजे शिकलेलं आत राहील. लावलं. तेल राहिलं, शाळा सुटली. त्याचंही खापर माझ्यावरच, नीट चोळलं नसशील म्हणे.

मी म्हटलं, "दादा, मी न्हावी आहे. रोज दहा-बारा डोकी हाताखालून जातात. केसांतलं मला सांगू नकोस."

"म्हणूनच सांगतो. शिंप्याचा सदरा कायम उसवलेला."

"तू टेंपो चालवतोस. तू टेंपोबद्दल सांग."

"टेंपोलाही तेल लागतं," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच्याशी फोनवर भांडून पोट भरत नाही, म्हणून ही वही. गिऱ्हाइकांच्या वेळा लिहून ठेवायला मालकाने आणली होती. आमच्याकडे वेळ ठरवून कोणी येत नाही, पाऊस आला की येतात, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पानं कोरी राहिली. इथे परदेशात मराठीत शिव्या द्यायला माणूस नाही. वहीला देतो. ती दादासारखी उलट बोलत नाही.

७ मार्च

कपाळावर डाव्या बाजूला पुटकुळ्या उठल्यात. भुवईपासून सुरू होऊन वर केसांत शिरल्यात, मुंगळ्यांनी रांग लावावी तशा. फोटो काढून दादाला पाठवला. लगेच फोन.

"नागीण आहे ती."

तेलाचं नाव काढलं नाही, तेव्हाच मी घाबरलो.

"मग काय करू?"

"तोंड कुठल्या बाजूला आहे बघ. तोंड आणि शेपटी एकत्र आली की माणूस जातो."

"कपाळावर आहे, दादा. एकत्र यायला तिला अख्ख्या डोक्याला वळसा घालावा लागेल."

"तुझं डोकं केवढंसं," तो म्हणाला. "आणि डॉक्टरकडे जाऊ नकोस. चिडते ती."

लहानपणापासून घरात हे वाक्य माझ्याबद्दल चालायचं, त्याला काही बोलू नका, चिडतो तो. आता तो मान नागिणीला मिळाला.

मला नागिणीपेक्षा खुर्चीची काळजी. दोन वर्षं खाली पडलेले केस झाडले, तेव्हा कुठे जानेवारीत दोन नंबरची खुर्ची मिळाली. एक नंबरची मालकाची. तीन नंबरची हिरोची. हिरो म्हणजे माझ्यासोबत खोलीत राहणारा कारागीर, जो आरशात स्वतःला बघत बघत दुसऱ्याचे केस कापतो. त्याचा मेहुणा कामाच्या शोधात आहे, आणि हिरो रोज माझ्या खुर्चीची धूळ पुसतो. पुसायला सांगितलेली नसताना. या तोंडाने उद्या खुर्चीमागे कसा उभा राहू? खुर्ची गेली की परत झाडू.

८ मार्च

आज जे झालं त्यात दोष कोणाचा, हे शांतपणे लिहून काढणार आहे. माझा नाही, एवढं आधीच ठरलंय.

सकाळी मालकाने विचारलं, कपाळाला काय झालं. मालकाची भाषा मला दुकानापुरती येते. बाजूने किती, वर राहू दे का, पाणी गरम आहे, सुट्टे आहेत का. यात नागीण कुठे बसवू? मी आपला शब्दाला शब्द लावला. म्हटलं, "बाई-साप निघाला."

"कुठे?"

"इथे. डोक्यावर. काल दुकानातच कळलं."

"आता कुठे आहे?"

"केसांत शिरला."

मालकाने माझ्या केसांकडे बघितलंच नाही. त्याने खाली बघितलं. खाली सकाळपासून कापलेल्या केसांचा ढीग होता, काळा, कुरळा, आणि पंख्याने जरा हलत होता.

मालक साठीचा आहे आणि पायऱ्या चढतानाही देवाचं नाव घेतो. तो एका उडीत खुर्चीवर. हिरो बेसिनवर चढला, आरशात बघत. माझ्या खुर्चीत अर्ध्या गालाला फेस लावलेला माणूस होता, तो गळ्यातल्या कपड्यासकट रस्त्यावर पळाला. अजून आलेला नाही, कपडाही नाही. शेजारच्या चपलेच्या दुकानाने शटर ओढलं. मग लांब चिमटा घेऊन दोन माणसं आली आणि त्यांनी बेसिनखालून एक हरवलेला वस्तरा आणि कोणाची तरी कवळी काढली. मी प्रत्येकाला सांगत होतो, साप नाही, बाई-साप. ते ऐकून चिमटेवाल्याने विचारलं, मग पिल्लंही असतील का.

मालकाने मला गाडीत घातलं. सगळ्या रस्त्याने माझा हात घट्ट धरून, सारखं बोलत होता, मध्येच गालावर चापट मारत होता. झोपू नको म्हणत होता हे आता कळतंय. तेव्हा मला वाटलं, पगाराचं बोलतोय.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "कुठे चावला?"

"चावला नाही. उठला."

"केवढा होता?"

मी बोटाने दाखवलं, एवढा. आणि वाढतोय, असंही सांगितलं. प्रामाणिक माणसाचं असंच होतं. त्यांनी सुजेभोवती पेनाने रेघ मारली आणि दर थोड्या वेळाने येऊन रेघेच्या बाहेर गेलं का ते बघत बसले. दंशाच्या खुणा सापडेनात. एका डॉक्टरने माझी टाचसुद्धा तपासली.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई आल्या. दारातूनच बघितलं. फोनवर अंगभर पुरळ आलेल्या एका पोराचं चित्र दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं, तू, लहानपणी? मी मान हलवली. कांजिण्या. बाईंना सगळी हकिगत कळल्यावर त्या इतक्या हसल्या की खुर्ची ओढून बसल्या. मालक नाही हसला. त्याचं दुकान दिवसभर बंद होतं.

१० मार्च

डॉक्टरीणबाईंनी हिरोला मध्ये घालून हिंदीत समजावलं, म्हणजे निम्मं कळलं आणि निम्मं हिरोने स्वतःच्या मनाने घातलं. कांजिण्या गेल्या तरी जात नाहीत. त्यातला विषाणू आत एखाद्या नसेत जाऊन झोपतो. वर्षानुवर्षं झोपतो, भाडं नाही, आवाज नाही. मग एक दिवस उठतो आणि त्याच नसेवरून घर पेटवत बाहेर येतो. मी म्हटलं, आमच्या घरी दोघांना एकाच सुट्टीत आल्या होत्या. दादाने मला दिल्या की मी दादाला, यावर अजून निकाल नाही.

डोळ्यात पिवळं औषध घालून दिव्याखाली बघितलं. डोळा वाचला. गोळ्या दिल्या, घोड्याला पुरतील एवढ्या मोठ्या. वेळेवर आलास म्हणाल्या, उशीर झाला की या गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. मी हिरोला म्हटलं, हे मालकाला सांग, सापाच्या गोंधळात तेवढा एक फायदा झाला.

तोंड-शेपटीचंही विचारलं. बाई म्हणाल्या, ती शरीराच्या एकाच बाजूला राहते, मधली रेघ ओलांडत नाही, आणि ओलांडली तरी गाठ पडून कोणी मरत नाही. हे दादाला सांगितलेलं नाही. रोज फोन करून विचारतो, किती अंतर राहिलं. विचारू दे. जन्मभर मला शहाणपण शिकवलंय, आता महिनाभर घाबरू दे जरा.

१४ मार्च

मागच्या खोलीत टॉवेल धुतोय. फोड ओले आहेत तोवर पुढे यायचं नाही, असा हुकूम. कारण मालकाची मुलगी. ती दुपारी डबा घेऊन येते, तिला आठवा महिना लागलाय आणि तिला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या. म्हणून ती दारात दिसली की मालक मला आत ढकलून कडी लावतो. बाहेरून. मी काय तिला मागणी घातलीय का?

पण टॉवेलांची मजुरी तेवढीच धरलीय, खुर्चीइतकी. का ते कळलं नाही. हिशेबात चुकला असेल, मी काही आठवण करून देणार नाही. आणि डब्यातलं अर्धं दाराच्या खालच्या फटीतून ताटलीत येतं. कुत्र्याला सरकवतात तसं. चांगलं असतं मात्र.

१९ मार्च

दादाचा फोन. आज तेल नाही, तोंड-शेपटीही नाही. वेगळीच चौकशी.

"तुला कपडा लागला तर जळतं का रे?"

"कपाळाला कोण कपडा घालतं?"

"तसं नाही. समजा लागला. टोपी वगैरे."

"जळतं. वारा लागला तरी जळतं."

"आणि एकाच कुशीवर झोपतोस?"

"उजव्या."

"हं. मग डावीकडे असेल तर उजव्या," असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "आणि समजा एखाद्याची कमरेवर असली, तर तिथे अंतर कमी पडेल ना?"

मी म्हटलं, माझी कपाळावर आहे, कमरेचं मला काय विचारतोस, मी काय नागिणींचा मुकादम आहे? तर म्हणाला, सहज. दादाचं सहज मला माहीत आहे. मी खरंच आजारी आहे का, की पैसे कमी पाठवायचं निमित्त काढलंय, याची उलटतपासणी चाललीय.

२३ मार्च

काय म्हणालो होतो. आज गोळ्यांचं नाव मागितलं. पाकिटाचा फोटो पाठव म्हणे.

"कशाला?"

"बघतो."

"काय बघतोस? औषधाची पावतीही पाठवू का सोबत?"

"तसं नाही रे धाकट्या."

"पाठवतो," म्हटलं. पाठवला नाही. पाठवणारही नाही. विश्वास नसेल तर नसू दे.

वर त्याची रडगाणीही आहेत. टेंपो म्हणे गॅरेजला आहे. कशाने? तर पट्ट्याचं काहीतरी काम आहे. पट्टा म्हणजे बसल्यावर लावायचा तो. पट्ट्याच्या कामाला आठवडा लागतो होय? माणसाला काम करायचं नसलं की गाडीचा पट्टाही आडवा येतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

३० मार्च

खपल्या पडल्या. बरोबर केस घेऊन गेल्या, एकट्या जायची रीत नसावी. डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग साफ. तिथून वर कपाळावर खड्डे, आणि मग डोक्यावर दोन बोटं रुंद अशी गुळगुळीत वाट, टाळूच्या जवळ जाऊन संपते. कोणीतरी मशीन लावून सुरुवात केली आणि मध्येच जेवायला गेला असं दिसतं. तिच्या आसपासचेही गळतायत, उशीवर पुंजके. ते तापामुळे आणि धसक्यामुळे, ते येतील, म्हणतात बाई. वाटेवरचे मात्र सांगता येत नाही. मुळं जळली असतील तर नाही येणार.

हिरो म्हणाला, "शेतातली पायवाट आहे." आणि आरशात स्वतःची भुवई नीट केली.

३ एप्रिल

खुर्चीवर परत. मालकाच्या मुलीला धोका नाही असं बाईंनी लिहून दिलं, तेव्हा. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आरशात माझ्याकडे बघत बसलं.

"तुमचे केस कोणी कापले?"

"हे कापलेले नाहीत, गळलेत."

"बरं," म्हणाला, आणि एक नंबरच्या खुर्चीची वाट बघत पेपर वाचायला लागला. दुसऱ्याने विचारलं, लागतं का दुसऱ्याला? तिसऱ्याने काही विचारलं नाही, नुसता उठला. चौथा एक म्हातारा आला, त्याला दिसत कमी. त्याचे कापले.

संध्याकाळी दादाला चित्रफोन लावला. अर्ध्या अंगावर ओला पंचा टाकून उघडाच बसला होता, तोंड ओढलेलं. म्हणे कमरेत लचक भरलीय. मी माझी भुवई दाखवतोय तर हा स्वतःच्या कमरेचं कौतुक सांगतोय. म्हटलं, तेल लाव. हसला नाही. फार दुखतं का रे रात्री, असं मला विचारलं. मी म्हटलं, दुखून गेलं आता, पण तू नको काळजी करू, पैसे येतील.

तो म्हणाला, "पैशाचं कोण बोललं?"

कोणी नाही. कधीच कोणी बोलत नाही. म्हणून तर ऐकू येतं.

९ एप्रिल

हिरोकडे एक डबी आहे. काळी पूड. टक्कल पडलेल्या जागी भुरभुरवली की लांबून केस वाटतात. भुवई पेन्सिलने. सकाळी आरशात बघितलं तर मी परत मी होतो, फक्त जरा जास्त रागावलेला, कारण भुवई वर गेली होती.

दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकं झाली, एकानेही उठून पेपर वाचला नाही. तिसरा नवरा मुलगा होता. संध्याकाळी लग्न, पांढरा शर्ट, बरोबर चार मित्र. गरम टॉवेल, वाफ, गर्दी, मला घाम. मी त्याच्या गालावर वाकून वस्तरा फिरवतोय आणि माझ्या डोक्यावरची पायवाट वितळून त्याच्या कपाळावर टपकली. काळा थेंब. मग दुसरा. त्याने डोळे उघडले. मी पुसायला गेलो तर ते पसरलं, टॉवेलावर, कॉलरवर. मित्रांपैकी एकाने फोन काढून चित्रण केलं. नवरदेव म्हणाला, "याची शाई गळतेय."

मालकाने शर्टाचे पैसे दिले. ओरडला नाही. त्याने ओरडायला हवं होतं.

१० एप्रिल

निकाल. आजपासून मी बेसिनवर. डोकी धुवायची, कापायची नाहीत. केस धुताना माणूस वर छताकडे बघतो, माझ्याकडे बघत नाही, हा मालकाचा शोध. महिनाअखेरपर्यंत माझ्या डोक्याचं काहीतरी कर, नाहीतर एक तारखेपासून खुर्ची हिरोच्या मेहुण्याला. मेहुण्याचे केस खांद्यापर्यंत आहेत. हिरोने फोटो दाखवला, न मागता.

काहीतरी कर म्हणजे काय, तर केसांची पट्टी. हिरोच्या ओळखीचा एक माणूस डोक्याचं माप घेऊन खऱ्या केसांची पट्टी बनवतो, चिकटवली की घामातही हलत नाही, भुवईसकट. पुढच्या शनिवारी माप घ्यायला येणार. खुर्चीचे, टिपचे आणि टॉवेलांच्या दिवसांतलं उरलेलं, सगळं एका मोज्यात जमवलंय. या महिन्यात घरी नाही पाठवले तर आकाश कोसळत नाही. दादाला लचकच भरलीय ना. एक महिना झोपून काढेल.

१६ एप्रिल

वहिनींचा फोन आला. वहिनी स्वतःहून कधी करत नाहीत. दादा करतो, वहिनी मागून "जेवलात का भावजी" एवढंच ओरडतात.

"भावजी, कामात आहात का?"

"डोकं धुतोय एकाचं. बोला."

"एक विचारायचं होतं. तुमची ती आग, ती किती दिवसांनी थांबली?"

म्हटलं, वहिनी तुम्हीसुद्धा? आता तुम्हाला बसवलं का चौकशीला? द्या त्याला फोन.

"ते पडलेत. एका कुशीवर. अंगावर काही सोसत नाही त्यांना."

पुढचा टोमणा माझ्या तोंडात तयार होता. तो तिथेच राहिला. बेसिनमध्ये पाणी चालू, माणूस छताकडे बघतोय.

"वहिनी, दादाला किती दिवस झाले?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुम्हाला सांगू नका म्हणालेत," त्या म्हणाल्या.

"ते कळलं. किती दिवस?"

"तुमचा फोटो आला ना कपाळाचा, त्याच्यानंतर आठवड्याभरात. आधी वाटलं, टेंपोच्या पट्ट्याने घासलं."

"टेंपो गॅरेजमधून आला?"

"टेंपो दारात उभा आहे, भावजी. कधीपासूनचा. पट्टा लावता येत नाही त्यांना, बसता येत नाही. आता फोड गेले, पण आग काही जात नाही."

"डॉक्टर?"

"त्या नागिणीला डॉक्टर दाखवला की चिडते म्हणतात. आणि म्हणाले, धाकट्याला तिथे मोठ्या दवाखान्यात औषध दिलंय, त्याचं नाव आलं की तेच आणू. तुम्ही पाठवतो म्हणाला होतात ना?"

हो वहिनी, म्हणालो होतो.

बेसिनवरचा माणूस म्हणाला, पाणी कानात जातंय.

१७ एप्रिल

दादाला फोन केला. शिव्या घालायच्या ठरवल्या होत्या, दीड महिना वहीत साठवलेल्या. त्याने उचलल्यावर आधी म्हणाला, "भुवई आली का?"

"तुझी कुठे आहे?"

वहिनींनी सांगितलं हे त्याला कळलं. सुस्कारा सोडला.

"कमरेवर. उजवीकडे. मागे कण्यापासून निघाली, पुढे बेंबीजवळ आली आणि थांबली. तोंड इथे, शेपटी मागे. मी रोज तुझ्या वहिनीला दोरीने मोजायला लावतो. तिने चार बोटं सांगितली की मी सहा धरतो."

"दादा, ती एकाच बाजूला राहते. पलीकडे जात नाही. गेली तरी कोणी मरत नाही. बाईंनी सांगितलंय."

"नक्की?"

"नक्की."

"कधी सांगितलं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. काल म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"दहा मार्चला."

मला वाटलं आता घालेल शिव्या, घालाव्यात. तर खोल श्वास घेण्याचा आवाज आला, मग लांबून, फोन बाजूला धरून वहिनींना सांगताना, "अगं, मरत नाही म्हणे. फेकून दे ती दोरी." आणि मग एवढा मोठा माणूस, टेंपोत एकटा पन्नास पोती चढवणारा, नाक ओढायला लागला. मी फोन ठेवला. ते ऐकायची मला सवय नाही.

१८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या वेळी शब्दाला शब्द लावला नाही, कमरेवर बोट ठेवून "भाऊ" म्हटलं, त्यांना कळलं. हिरोकरवी म्हणाल्या, त्या गोळ्यांची वेळ गेली. आता जी आग राहिलीय ती नसेची, तिला वेगळं औषध असतं, पण ते तिथल्या डॉक्टरने बघून द्यायचं, पाकिटाचा फोटो बघून नाही. महिने लागतील कदाचित. पण गाडी चालवेल. मी विचारलं, मार्चमध्ये गोळ्या मिळाल्या असत्या तर? बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, सांगता येत नाही. डॉक्टर लोक चांगले असतात, तसं माहीत असलं तरी सांगत नाहीत.

बाहेर पट्टीवाला आमची वाट बघत होता, मापाची टेप घेऊन. म्हटलं, नको.

"मग खुर्ची?" हिरोने विचारलं.

"तुझ्या मेहुण्याला भुवया आहेत ना? मग झालं."

दुकानात जाऊन मालकासमोर उभा राहिलो आणि दुकानापुरत्या भाषेत सांगितलं, पट्टी नाही, सगळे काढा. मालकाने मला दोन नंबरच्या खुर्चीत बसवलं. गळ्याला कपडा बांधला. स्वतः मशीन घेतलं. त्याने कोणाचंही डोकं इतकं हळू केलेलं मी बघितलेलं नाही. पायवाटेवर आल्यावर मशीन थांबवलं आणि अंगठा फिरवला, जसा लाकडावर रंधा मारल्यावर फिरवतात. अजून चटका बसतो तिथे. मी दात दाबून धरले. त्याला आरशात दिसलं, त्याने मशीन बाजूला ठेवलं आणि तेवढी जागा तशीच सोडली. तशीही तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

झाल्यावर आरशात दोन टकलं. मागचं त्याचं, पुढचं माझं, माझ्यावर खड्डे. तो म्हणाला, आता लोकांना वाटेल दुकानाचा गणवेश आहे.

पुढचं ठरलं. एक तारखेपासून सकाळी खुर्चीवर मी, फक्त दाढ्या. दुपारी बेसिन. केस कापायचे ते हिरोच्या मेहुण्याने, त्याच खुर्चीवर. अर्धी खुर्ची गेली. अर्धी राहिली असंही म्हणतात, पण ते दादासारखे लोक.

टकलाचे पैसे विचारले तर म्हणाला, फुकट. म्हणजे पगारातून कापणार.

२० एप्रिल

मोजा रिकामा केला आणि पैसे पाठवायला गेलो. खिडकीतल्या बाईने विचारलं, कारण काय लिहू? यादी वाचून दाखवली, घरखर्च, शिक्षण, भेट, औषधपाणी. दर वेळी मी घरखर्च म्हणतो आणि पुढच्याला वाट देतो. आज ती शेवटच्या शब्दाशी आली तेव्हा म्हटलं, हे.

वहिनींना निरोप लिहिला. दादाला लिहिला असता तर त्याने वाचून टेंपोच्या हप्त्याला लावले असते.

वहिनी, यातला एक पैसाही टेंपोला नाही. उद्याच डॉक्टरकडे न्या, चिडू दे ज्याला चिडायचंय त्याला. विचारतील ते सगळं खरं सांगायला लावा, लचक वगैरे नाही. दोन मऊ सदरे घ्या, एक माप मोठे, कमरेशी सैल. पुढच्या महिन्यात कमी येतील, मी खुर्चीवर अर्धाच आहे, ते दादाला आत्ता सांगू नका, बरा झाला की भांडायला काहीतरी लागेल त्याला. हे सगळेच आहेत, मागे काही ठेवलेलं नाही, म्हणून पुरवून पुरवून वापरायचे नाहीत.

पाठवले, इथले दोनशे सदतीस.